कोळवाडीचे खळे आणि निरंक रकाना यांची बखर

श्री. दफ्तराचे कपाटावरील गणपती, ज्याची तसबीर धुळीने माखली तरी नजर आम्हांवरच आहे, त्यास दंडवत घालून लिहितो ऐसे जे: शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, एका विकसनशील राज्यात वर्तमान जाहले ते डोळ्यांनी पाहिले तैसे लिहिले आहे. राज्य विकसनशील म्हणजे विकास निघाला आहे, वाटेत आहे, पोहोचावयाचा आहे. ऐसे असता विलायतेहून सल्लागार आले आणि हुजुरांस म्हणाले की, "आपले राज्यी शंभर बायकांत पंचवीसही कामास लागलेल्या दिसत नाहीत, मग बाकीच्या दिवसभर करितात काय?" हुजूर बहुत शरमिंदे जाहले आणि त्यांनी नियोजन-अमात्यांकडे पाहिले, आणि अमात्यांनी जमिनीकडे पाहिले, मग मसलत बसली, चहा जाहला, आणि आज्ञा जाहली की घरोघर जाऊन कामकरी बायका मोजून आणाव्या. कारकून चहूंकडे रवाना जाहले. त्यांत समुद्रकाठची कोळवाडी ज्याचे वाट्यास आली तो प्रस्तुत लेखकच होय. नाव सांगण्याजोगे कर्तृत्व नाही, सबब लिहीत नाही.

कोळवाडीस पहिले घर हरेश्वर नाखवाचे. एके काळी तीन होड्यांचा धनी, आता एकच होडी, तिचेही इंजिन बिघडून दोन वर्षे ती वाळूत पडलेली. नाखवाने बसावयास खुर्ची दिली, पाणी दिले, आणि आपण समोर ताठ बसला. त्याचे पाठीमागे मासळी वाळवावयाचे खळे, आणि खळ्यावर त्याची बायको चांगुणाबाई सूर्योदयापासून उभी. दुसऱ्यांच्या होडीची मासळी बंदरावरून आणावी, दोन बोंबील घ्यावे, एकाचा जबडा दुसऱ्याचे जबड्यात अडकवावा आणि जोडी आडव्या बांबूवर टांगावी, ऐसे तिचे चालले होते. आम्ही तक्ता उघडून पुसले, "घरातील बायका काय काम करितात?" नाखवा बोलला, "आमच्या घरच्या बाया कामाला जात नाय. तशी पाळी आली नाय अजून. लिवून घ्या." आम्ही चांगुणाबाईकडे पाहिले, आणि तिने नाखवाकडे पाहिले, मग बोंबलांकडे पाहिले, आणि पुढली जोडी टांगली. दफ्तराचा शिरस्ता ऐसा की घरातील कर्ता सांगेल ते लिहावे, सबब 'निरंक' लिहिले. नाखवाने ऐसे सांगितले हे वाडीत पसरले, मग आपले घर त्याहून हलके कोण म्हणवील? साठ घरे फिरलो आणि साठांतही निरंक. निघताना नाखवाने सुक्या बोंबलांची जुडी बांधून दिली, ती आनंदाने घेतली. ते वाळवले कोणी, हे तेव्हा मनात आले नाही, आणि आले असते तरी त्यास रकाना नव्हता.

मग पौषात तक्ते हुजूर दाखल जाहले. अमात्य चतुर, त्यांनी पाहिले की कोळवाडीस सपाट, उन्हाची, ऐन किनाऱ्याची जागा आहे आणि तेथे काम करणारे माणूस एकही नाही. तेव्हा हुकूम सुटला की जागा पडीक आहे, फाल्गुनाआधी बांबू उपटावे आणि सूर्यास्त पाहावयास येणाऱ्यांच्या मोटारींस तळ करावा. हुकुमाचा कागद बांबूवरच ठोकला. खळे गेले तर ओली मासळी दुसरे दिवशी कुजणार, आणि होडी वाळूत रुतलेल्या घरी दुसरा आधार नाही, हे चांगुणाबाईस कोणी समजावून सांगावे लागले नाही. ती वाडीच्या बायका घेऊन दरबारी आली, पुरुष मागे मागे आले. अमात्य म्हणाले, "बाई, तुमचे वाडीत कोणी कामच करीत नाही. कारकून, वाचा." आम्ही वाचले, "हरेश्वर नाखवा, घरातील कामकरी बायका, निरंक." अमात्यांनी पुसले, "हे खोटे आहे काय?" आता बाईने 'होय' म्हणावे तर चार लोकांत नवऱ्याचा शब्द पडतो, जो तीस वर्षे तिने पडू दिला नव्हता, आणि न म्हणावे तर खळे जाते. ती म्हणाली, "मी काय सांगू, सायब. ज्यानं लिवून दिलं त्यालाच इचारा."

तेव्हा नाखवा पुढे आला आणि आपल्या पायांकडे पाहून बोलला, "होडी दोन वर्सा वाळूत हाय. चूल हिच्या बोंबलावर पेटते. मला सांगायची लाज वाटली, म्हणून तसं लिवून दिलं. तिची काय चूक नाय." आम्हांस फार वाईट वाटले, आणि थोडा आदरही वाटला, जो अमात्यांविषयी कधी वाटला नव्हता. मग दुसरा नवरा पुढे आला, मग तिसरा, ऐसे एकेचाळीस आले, आणि एकोणीस जण छताकडे पाहत राहिले, त्यांच्या बायका आजतागायत निरंकच आहेत. परंतु एकेचाळिसांवर खळे वाचले, हुकूम रद्द जाहला.

मग राज्यभर तक्ते फिरून भरले, आणि या खेपेस कारकुनांस ताकीद की कर्त्यास पुसू नये, बाईसच पुसावे. शेकडा आकडा एकाएकी वाढला. सल्लागारांनी लिहिले की ऐसी प्रगती इतक्या त्वरेने कोठे पाहिली नाही, आणि अमात्यांस शेला मिळाला, चौघडा वाजला. त्याच दिवशी आम्ही कोळवाडीस गेलो तो चांगुणाबाई त्याच जागी, त्याच बांबूपाशी. नवल इतकेच की शेजारी नाखवा जोड्या अडकवीत होता, आणि त्याच्या जोड्या सुटून वाळूत पडत होत्या. बाई म्हणाली, "जबडा नीट उघडा धरा. मेलाय तो, चावत नाय."

एवंच, राज्यातील बायका काल करीत होत्या तेच आज करितात, फक्त आता ते दिसते. आमचे घरचा तक्ता मार्गशीर्षात आम्हीच भरला होता, तोही निरंक. कुटुंब रोज सकाळपासून मशिनवर बसून गावच्या शाळेचे गणवेश शिविते आणि त्या आवाजाने आमचे लेखनात व्यत्यय येतो, ही तक्रार आम्ही दहा वर्षे करीत आलो. नवा तक्ता घेऊन तिजपाशी गेलो आणि पुसले, "आपण काय काम करता?" तिने मान वर केली नाही. म्हणाली, "आधी एवढा दोरा ओवून द्या, मला दिसत नाही हल्ली." दोरा ओवून दिला, मग तिने सांगितले तैसे लिहिले. येथे लेखणी ठेवली.