पाट्यांपुरता पिक्चर

सदाबापू पेंटर भुताच्या पिक्चरला बाल्कनीचं तिकीट काढून जात, पाट्या बघत, आणि पाट्या संपल्या की उठून घरी येत. पाट्या म्हणजे सुरुवातीला पडद्यावर येणारी नावं. दिग्दर्शकाचं नाव येऊन गेलं की बापूंचा पिक्चर संपला. पुढं भूत येवो, नाहीतर भुताचं अख्खं खानदान येवो!

त्यांच्या शेजारच्या खुर्चीत मी अनेकदा बसलो आहे, म्हणून छातीठोकपणे सांगतो. पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमची घरं समोरासमोर. मी शाळामास्तर, ते दुकानांच्या पाट्या रंगवणारे. मिशा पांढऱ्या, पण टोकांना कायम कुठला तरी ऑइलपेंट. सध्या कुणाचं काम चालू आहे, ते मिशीवरून ओळखावं.

“मास्तर, भूत दिसलं की भ्या संपलं,” ते म्हणत. “रबराचा मुखवटा! त्याला काय भ्यायचं? खरं भ्या पाट्यांत. काळा पडदा. वारं सुटलंय. एक कंदील आपसुक हलतोय. आन् त्या अंधारातनं एकेक अक्षर वर येतंय, हिरीतनं मढं वर यावं तसं. केस विंचरणाऱ्या बाईचं नाव आलं तरी अंगावर काटा आला पायजे!”

आणि अशा या थोर क्षणी आमचे कोल्हापूरकर काय करत? खुर्च्या शोधत! पाट्या म्हणजे उशिरा येणाऱ्यांना दिलेली सवलत, अशी गावाची ठाम समजूत. डोअरकीपरची बॅटरी नाचते आहे, भडंगाच्या पुड्या सुटताहेत, कोण कुणाच्या तरी मांडीवर बसतो आहे. बापूंचा नुसता संताप व्हायचा. एकदा कागलचे एक पाहुणे सहा माणसांचं कुटुंब घेऊन आमच्या पायांवरून चालले होते.

“ओ पावणं!” बापू कडाडले. “पडद्यावर माणसाचा जीव चाललाय, आन् तुमी पंगत बसवताय व्हय?”

“पिक्चर कुठं सुरू झालाय अजून? नावंच चालल्यात की.”

“नावंच? उद्या तुमच्या लेकीच्या पत्रिकेतली नावं गाळतो आन् नुसता मांडवाचा पत्ता छापतो. चालंल?”

पाहुणे सगळ्यांना घेऊन मागं फिरले आणि खाली बसले. जिन्यावर.

बापूंचं हे वेड टॉकीजमध्ये राहिलं असतं तर ठीक होतं. पण त्यांनी एकदा आमच्या गल्लीतल्या बालवाडीची पाटी रंगवली, तीही नेमकी एक भुताचा पिक्चर बघून आल्यावर. काळ्या जमिनीवर लाल अक्षरं, प्रत्येक अक्षर थरथरलेलं, आणि ‘बा’च्या कान्यावरून ओघळ थेट फळीच्या कडेपर्यंत. सोमवारी एकही पोर आत जाईना. बाई रडकुंडीला आल्या. बापू उलट त्यांच्यावरच उखडले, “पाटी ध्येनात राहिली का न्हाय? मग!”

शेवटी पाटीवर दोन ससे काढून प्रकरण मिटलं. ससेही जरा घाबरलेलेच दिसत.

मग तो पिक्चर आला. नाव राहू द्या, पण गर्दी अशी की मॅनेजर नानासाहेबांनी रविवारी एक खेळ वाढवला. वेळ बसेना, म्हणून काय कापलं? पाट्या! आम्ही बसलो, अंधार झाला आणि एकदम घाटात मोटार बंद पडलेली नायिका. बापू ताडकन उठले.

“चोर! चोर हाईत सगळे!”

अख्ख्या बाल्कनीनं आपापले खिसे चाचपले.

दुसऱ्या दिवशी आम्ही नानासाहेबांच्या खोलीत. टॉकीजच्या दर्शनी भागावरचा मोठा बोर्ड बापूच रंगवत, त्यामुळे आवाजाला धार होती.

“पाट्या न्हाईत तर बोर्डावर नाव न्हाय. नुसतं भूत काढतो. कुठला पिक्चर हाय ते लोकांनी वळखावं!”

“कुणाची तक्रार न्हाय बापू, तुमी एकटंच.”

“एकट्यानं बोंबललं म्हणून खोटं हुतंय व्हय?”

नानासाहेब बेरकी. पान लावता लावता म्हणाले, “दावतो की पाट्या. पण माझी बी एक तक्रार हाय. तुमी पेंटर, मानाचं माणूस. तुमी मधनंच उठून जाता, मागची म्हणत्यात, पिक्चर टुकार दिसतोय. पाट्या पायजेत तर शेवटपर्यंत बसायचं.”

बापूंचा आवाज एकदम खाली आला. “शेवटपर्यंत?”

“शेवटपर्यंत.”

“तीनच्या खेळाला बसतो,” ते म्हणाले. आणि बाहेर आल्यावर, “मास्तर, तुमी येणार न्हवं?”

पुढच्या रविवारी पाट्या लागल्या. काय सांगू तुम्हाला! धुकं, लांब कुठंतरी कुत्रं, आणि एकेक नाव असं उमटत होतं जणू कुणी आतून काचेवर बोट फिरवतंय. बापूंच्या धाकानं भडंगाची एक पुडी वाजली नाही. छायालेखकाच्या नावाला तर मीच पाय वर घेऊन बसलो.

पाट्या संपल्या. सवयीनं बापू अर्धे उठले, आणि परत बसले.

मग भूत आलं. ज्या रबराच्या मुखवट्याला या गृहस्थांनी वर्षानुवर्षं नावं ठेवली, तो दिसताच त्यांनी डोळे गच्च मिटले आणि माझं मनगट असं आवळलं, की माझ्या घड्याळाची काच तडकली. ते डोळे उघडले ते दिवे लागल्यावरच.

त्यांच्या घरापर्यंत आलो. दारात म्हणाले, “चहा घेऊन जावा.” आत जाऊन आधी सगळे दिवे लावले. खोलीतला, सैपाकघरातला, मोरीतलासुद्धा. बाहेर अजून ऊन होतं.

मी खट्याळपणे म्हणालो, “बापू, भ्यालात की!”

“भ्यालो! मग? भुताच्या पिक्चरला भ्यायचं न्हाय तर काय आरती म्हणायची?” ते स्टोव्हला पिन मारत राहिले. मग माझ्याकडं पाठ करूनच म्हणाले, “आमची मंडळी हुती तवर शेवटपर्यंत बघायचो, मास्तर. बाहेर पडलो की ती रस्ताभर हसायची. भुताची चाल करून दावायची. घरी येइस्तवर भूत खल्लास. ती गेली, आन्... पुरा पिक्चर बघायचा तर घरात कोणतरी पायजे. एकट्याला झेपतंय ते पाट्यांपुरतंच.”

मी चहा प्यायलो. कप ठेवून उठलो.

“बसा की,” ते खेकसले. “चहा संपला की उठायचंच, असा काय कायदा हाय?”

मी बसलो. मग मी म्हणालो, “बापू, तुमचे डोळे मिटलेले होते म्हणून सांगतो. त्या भुताचा अंगरखा मागून टाचणीनं टाचलेला होता.”

धडधडीत खोटं होतं.

“टाचणी?” बापू उसळून वळले. “भुताला?”

“दोन,” मी म्हणालो.

“लाजा न्हाईत लेकाच्यांना!” बापू ओरडले, आणि त्यांनी दुसऱ्यांदा चहाचं आधण ठेवलं.