आमच्या घरातली धूळ मी कशी बाहेर काढली

धुळीबद्दल मला कोणी काही शिकवायला येऊ नये. माझा जन्म लांझौचा. वसंतात वाळवंटाकडून वारा सुटला की आमच्याकडे भर दुपारी दिवे लावतात, आणि खिडक्या बंद असल्या तरी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बोटाने स्वतःचं नाव लिहिता येतं. त्यात मी जन्मभर शहरात बस चालवली. इतकी धूळ गिळली आहे की पोटात पेरणी केली असती तर एखादं पीक सहज निघालं असतं.

म्हणून नव्या वर्षाआधीची घरझाडणी आली तेव्हा मी बायकोला, लिएनफांगला, सांगून टाकलं, "यंदा तू हात लावू नकोस. घर मी साफ करतो."

ती कोबी चिरत होती. सुरी थांबली. "कोणाचं?"

असं विचारण्याची काही गरज नव्हती. पण मी शांत राहिलो, कारण प्रसंग गंभीर होता. आदल्याच दिवशी फूझौहून आमच्या बोवेनचा फोन आला होता.

"बाबा," तो म्हणाला, "यीलानला आपल्याकडची धूळ सोसत नाही. मागच्या वेळी नाक चोंदून बसली होती बिचारी. आता तर ताओताओ पण आहे. आम्ही यंदा हॉटेलात उतरावं म्हणतो."

यीलान म्हणजे आमची सून. समुद्राकाठी वाढलेली, तिच्या गावात म्हणे धूळ उडायच्या आत पाऊस येतो. आणि ताओताओ म्हणजे माझी नात. आठ महिन्यांची झाली, पण मी तिला अजून फक्त फोनच्या काचेत पाहिलेली. ती पहिल्यांदा आजोबांच्या गावाला येणार आणि हॉटेलात झोपणार. मग मी बिल्डिंगच्या जिन्यात तोंड कसं दाखवायचं?

"तू हॉटेलबिटेल काही बघू नकोस," मी म्हटलं. "तुम्ही याल तेव्हा घरात कणभर धूळ सापडली तर मी हॉटेलात जाऊन राहीन."

लिएनफांगची साफसफाईची पद्धत जुनी. बादलीभर पाणी घ्यायचं, फडकं ओलं करून पिळायचं, कपाटाच्या डोक्यापासून सुरुवात करून जमिनीपर्यंत पुसत यायचं. चादरी, पडदे गरम पाण्यात. मला ही पद्धत कधीच पटली नाही. ओल्या फडक्याने धूळ जात नाही, नुसती चिकटून बसते, असं माझं मत. धूळ हलकी असते. हलक्या वस्तूला काय लागतं? वारा.

बागेत माळीकाम करणाऱ्या माझ्या मित्राकडे वाळका पाला उडवायचं यंत्र होतं. पाठीला अडकवायचं, हातात हत्तीच्या सोंडेसारखी नळी धरायची. लिएनफांग बाजारात गेली तशी मी ते घेऊन आलो. बेत अगदी साधा होता. गॅलरीची खिडकी सताड उघडायची, हवा खेळती राहावी म्हणून दारही उघडं ठेवायचं, आणि दाराकडून खिडकीकडे धूळ हाकलत न्यायची. बसमधले प्रवासी मागच्या दाराने उतरवतात तशी.

तोंडाला रुमाल बांधला, डोळ्यांवर लिएनफांगचा पोहण्याचा चष्मा चढवला, आणि सोंड कपाटाच्या माथ्यावर रोखून यंत्र चालू केलं.

त्या कपाटावर काय काय साठलं होतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. आधी एक राखाडी गोधडी आख्खीच्या आख्खी वर उठली. हवेत क्षणभर तरंगली. मग तिचा धूर झाला. मला फार समाधान वाटलं. मी सोफ्याखाली नळी घातली, पलंगाखाली घातली, पुस्तकांवर फिरवली. धूळ शिस्तीत खिडकीकडे चालली होती.

तेवढ्यात नदीवरून वारा आला. खिडकीतून आत.

वाऱ्याने माझी सगळी धूळ परत पाठवली, वर बाहेरची थोडी भर घातली. मी यंत्राचा जोर वाढवला. वाऱ्यानेही वाढवला. आमच्या दोघांच्या भांडणात धुळीने आपला मार्ग शोधला आणि ती माझ्या डोक्यावरून, उघड्या दारातून, जिन्यात उतरली.

आमच्या खालच्या मजल्यावर फान काकू राहतात. जिन्यातल्या थंडीत गोठावेत म्हणून त्यांनी सणाचे मोमो भल्यामोठ्या फळीवर मांडून दाराबाहेर ठेवले होते. वर स्वच्छ कापड घातलेलं. ते कापड पहिल्याच झोताला उडालं होतं.

खालून ओरडण्याचा आवाज आला म्हणून मी यंत्र बंद करून जिन्यात डोकावलो. पायरीवर फान काकू लाटणं घेऊन उभ्या.

"कोण आहेस तू?" त्यांनी विचारलं.

"अहो, मी. वरचा."

"वर शौयीभाऊ राहतात. त्यांचं काय केलंस?"

मी चष्मा काढला. रुमाल काढला. काकूंनी लाटणं खाली केलं नाही, उलट घट्ट धरलं.

"शौयीभाऊ," त्या म्हणाल्या, "काल रात्रीपासून लाटतेय मी. माझे मोमो बघा."

बघितले. ओळीने निजलेले, राखेत घोळल्यासारखे. मी म्हटलं, "उकळताना पाण्यात सुटून जाईल." हे बोलायला नको होतं. काकूंच्या नजरेसमोर मी दोन पायऱ्या मागे सरकलो.

याच वेळी खालून पावलं वाजली. आधी लिएनफांग दिसली, हातात भाजीच्या पिशव्या. तिच्यामागे बॅगा उचललेला बोवेन. त्याच्यामागे यीलान, आणि तिच्या छातीशी लाल गाठोडं. त्यांना ठरल्यापेक्षा एक दिवस आधीचं तिकीट मिळालं होतं. फोन करून करून थकले म्हणे. यंत्राच्या आवाजात मला विमान उतरलेलं कळलं नसतं, फोन कुठला कळणार?

सगळे थांबले. जिन्यात धूळ अजून सावकाश खाली बसत होती. लिएनफांगने वर आमच्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चांगलं केलंत," ती म्हणाली. "इतके दिवस नुसती कपाटावर होती. आता सगळ्यांना सारखी वाटून दिलीत."

फान काकू पटकन पुढे झाल्या. लाटणं माझ्या हातात दिलं आणि ताओताओला उचललं. "पोरीला इथे थांबवू नका. माझं घर पुसलेलं आहे." आणि दार लावून घेतलं. माझी नात माझ्यासमोरून गेली आणि मला फक्त तिच्या टोपीचं टोक दिसलं.

मला एकदम थकायला झालं. पायरीवर बसलो. "यीलान," मी म्हटलं, "चूक माझी आहे. तू हॉटेलात जा. तुझं म्हणणं बरोबर होतं."

"माझं कसलं म्हणणं?" सून म्हणाली.

"धूळ सोसत नाही. हॉटेल."

"मी कधी म्हटलं हॉटेल? उलट मीच याला म्हणत होते, लवकर जाऊ, आईंना झाडणीत मदत होईल."

मग आम्ही तिघांनी बोवेनकडे पाहिलं. तो बॅगेचा पट्टा फार काळजीपूर्वक नीट करत होता.

"झाडणी आली की बाबा मला सोफा खाली न्यायला लावतात," तो शेवटी म्हणाला. "सहा मजले. मग परत वर."

मग यीलान हसायला लागली. इतकी हसली की भिंतीला टेकली, आणि तिच्या कोटावर भिंतीची धूळ लागली. लिएनफांगही हसली. मला हसावं की नाही ठरवता येईना, म्हणून लाटणं धरून बसून राहिलो.

त्या दुपारी आमच्या घरात लिएनफांगचं राज्य होतं. सुनेने केसांना फडकं बांधलं. दोघी वरून खाली पुसत येत होत्या. फडकी पिळणं बोवेनकडे, बादल्या ओतणं माझ्याकडे. पहिल्या बादल्यांचं पाणी आमच्या नदीसारखं गढूळ पिवळं होतं, नंतर नंतर त्यात बादलीचा तळ दिसायला लागला. धूळ चिकटून बसली नाही, पाण्याबरोबर गेली. मी पुढची बादली उचलली. सोफा जागेवरच पुसला, तोही स्वच्छ झाला. बोवेनने फडकं पिळता पिळता माझ्याकडे पाहिलं.

मग आम्ही चौघे खाली जाऊन काकूंच्या देखरेखीखाली नवे मोमो वळायला बसलो. माझे तीन उघडले. काकूंनी ते वेगळे काढून माझ्याच वाडग्यासाठी ठेवले, म्हणजे राग निवळला असावा.

त्याआधी मी आंघोळ करून, नवा लाल स्वेटर घालून आलो होतो. मोमो वळून झाल्यावर यीलानने ताओताओला माझ्या मांडीवर ठेवलं. काचेतल्यापेक्षा कितीतरी जड होती, आणि दुधाचा वास येत होता. तिने माझ्या तोंडाकडे बराच वेळ विचार करत पाहिलं. रडली नाही. हात वर केला, एक इवलंसं बोट माझ्या कानात घातलं, नीट फिरवलं, आणि बाहेर काढलं.

बोट काळं होतं.

ते ती तोंडात घालणार एवढ्यात चौघेजण एकदम माझ्या अंगावर धावून आले. नात यीलानकडे गेली. लिएनफांगने मोरीतून एक फडकं आणलं. ओलं, नीट पिळलेलं.

"वरून सुरुवात करायची असते," ती म्हणाली.

मी मुकाट्याने डोकं पुढे केलं.