गजात अडकलेला कोपरा

कोपरा आला की मालनबाईंच्या टेबलक्लॉथचा द्रोण व्हायचा. सरळ बाजूला क्रोशाची लेस अशी देखणी उतरायची की बघत राहावं. साखळी, खांब, पुन्हा साखळी, मध्येच एक छोटीशी कमान. पण कोपऱ्यावर पोचली की तीच लेस आवळून बसायची आणि कापड वर उचलायचं. मालनबाई उसवायच्या, पुन्हा विणायच्या आणि पुन्हा द्रोण.

"पंगतीत घे ह्याला, आमटी बसंल," असं त्यांचा नवरा रंगनाथ म्हणायचा. तो पूर्णा स्टेशनवर पॉइंट्समन होता. गाड्या एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणं हीच त्याची नोकरी, त्यामुळे वळणात एवढं अवघड काय असतं हे त्याला समजत नसे.

तेव्हा पूर्ण्याची लाईन अजून छोटी, मीटरगेजची होती, इंजिनाच्या धुरानं वाळत घातलेले कपडे काळे व्हायचे आणि रेल्वे कॉलनीत बहुतेकांच्या घरी टेबलच नव्हतं. पण लग्नात नवरीकडच्या रुखवतावर टेबलक्लॉथ नसला तर माणसं एकमेकांकडे बघायची. मालनबाईंच्या स्वतःच्या लग्नात रुखवतावर फार सुरेख टेबलक्लॉथ होता. तो शेजारणीचा होता. पंगत उठते न उठते तोच शेजारीण सगळ्यांदेखत आली, वरचे लाडू बाजूला सारले, टेबलक्लॉथ झटकला आणि घडी घालून घेऊन गेली.

सासू बायनाबाईंनी त्या दिवसापासून एक प्रश्न धरला तो सोडला नाही. घरात नवं पातेलं आलं, नवी चादर आली, की त्या विचारायच्या, "आपलीच हाय ना?" सुला जन्मली तेव्हा पाळण्यात वाकून त्यांनी हेच विचारलं होतं. तो प्रश्न बाळाखालच्या गोधडीबद्दल होता, असं सगळ्यांनी समजून घेतलं.

आता त्याच सुलाचं लग्न ठरलं होतं, गंगाखेडच्या मुलाशी. सुलानं मण्यांचं तोरण केलं, बाटलीत मोर केला. टेबलक्लॉथ मात्र मालनबाईंनी स्वतःकडे घेतला. लेकीच्या रुखवतावर उसना दोरासुद्धा दिसता कामा नये, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

शिकवायला शेजारच्या क्वार्टरमधल्या सुमनबाई होत्या. त्यांची शिकवणी कडक. सरळ बाजू डोळे मिटून येईपर्यंत कोपरा दाखवायचा नाही म्हणजे नाही. घरातही त्यांचा शब्द एकदाच पडायचा. नवरा दिनकरराव पार्सल ऑफिसात क्लार्क होते. ते बायकोचं लगेच ऐकत आणि कारण कधीही विचारत नसत. त्यांचा संसार सुखाचा होता.

कोपऱ्याची पाळी आली आणि दिनकररावांची जालन्याला बदली झाली. सुया ट्रंकेत गेल्या, ट्रंका टांग्यात गेल्या. मालनबाईंनी स्टेशन गाठलं तेव्हा सुमनबाई खिडकीत बसल्या होत्या आणि दिनकरराव बाकावर उभे राहून वरच्या फळीवर वळकट्या चढवत होते.

"बाई, कोपरा!" मालनबाई धापा टाकत म्हणाल्या.

"आता? गाडी सुटायली की गं!"

"आता न्हाई तर कवा? तुमी निघाल्या जालन्याला. मी काय तसाच द्रोण मांडू रुखवतावर?"

सुमनबाईंना ते पटलं. कापड गजांमधून अर्धं आत गेलं, दोऱ्याचा गुंडा त्यांच्या मांडीवर आणि सुई बाहेर मालनबाईंच्या हातात.

"एकाच घरात दोन खांब घाल. आता साखळ्या. कोपऱ्यावर पाच लागतेत, तू दोनच घालायलीस म्हणून आवळतंय ते."

"अग्गोबाई! एवढंच व्हतं व्हय?"

शिट्टी झाली. गाडी हलली. मालनबाई कापड धरून सोबत चालू लागल्या. "बाई, दोरा अडकायलाय!"

"सुई फिरव! साखळी ओढ!"

"कुठून ओढू?"

"वरून! अगं वरून ओढ! साखळी ओढ म्हणते ना!"

दिनकररावांनी हे ऐकलं. त्यांच्या हाताशीच गाडी थांबवायची, लाल अक्षरांखालची साखळी होती. त्यांनी कारण विचारलं नाही. दोन्ही हातांनी ओढली.

गाडी कचकन थांबली. डब्याडब्यांतून डोकी बाहेर आली. ते दिवस मोर्च्यांचे आणि आंदोलनांचे होते. "रेल रोको हाय का?" कोणी तरी विचारलं.

"न्हाई," खिडकीतला एक जण बघून म्हणाला. "बायका विणायल्यात."

मागच्या डब्यातून गार्ड भगवानराव बगलेत झेंड्या धरून धावत आले. "साखळी कोणी ओढली?"

"ओढली कुठं?" सुमनबाई टाक्यांवरची नजर न हलवता म्हणाल्या. "तिला येईना, म्हणून तर मगापासून सांगायले."

"म्हंजे तुमी सांगितलं?"

"मग? पाच ओढाव्याच लागतेत. त्याबिगर वळत न्हाई."

"काय वळत न्हाई?"

"कोपरा!"

भगवानरावांनी इंजिनाकडे नजर टाकली. "हितं कुठं वळण हाय बाई? लाईन सरळ हाय."

"सरळ तिला येतंय हो. वळणावर खांब चुकायलेत तिचे."

खांब म्हटल्यावर भगवानराव दचकले. सिग्नलचा खांब आणि चुकलेला! तेवढ्यात रंगनाथ धावत पोचला आणि त्यानं छातीवर हात ठेवला. "साहेब, आपले सगळे खांब जागेवर हायेत. मी आताच बघून आलो."

आतून दिनकररावांचा बारीक आवाज आला. "साखळी मी ओढली."

"तुमी? रेल्वेतला माणूस असून? कारण काय?"

"हिनं सांगितलं."

भगवानराव स्वतः लग्न झालेले होते. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

"झाला!" मालनबाई एकदम ओरडल्या. "बाई, बसला बघा कोपरा!"

खरंच बसला होता. इतके दिवस रुसलेला कोपरा पानासारखा सपाट पडला होता. मालनबाईंनी कौतुकानं कापड बाहेर ओढलं. ते येईना. कापड गजाच्या एका बाजूनं आत गेलं होतं, दोरा दुसऱ्या बाजूनं बाहेर आला होता आणि पाच साखळ्यांच्या त्या सुबक कमानीत गाडीचा गज होता.

सगळे वाकून बघत राहिले. "गज काढावा लागंल," रंगनाथ म्हणाला.

"दोरा काढा!" भगवानराव कडाडले.

"उसवणार न्हाई," मालनबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "जल्मात पहिला कोपरा आलाय मला."

इंजिनानं शिट्टीवर शिट्टी दिली. सुमनबाईंनी गजातून हात बाहेर काढून मालनबाईंच्या हातावर ठेवला. "उसव मालन. आता तो तुझ्या हातात आलाय, कुठं जात न्हाई."

मालनबाईंनी दोरा ओढला. इतक्या दिवसांनी बसलेला कोपरा सर्रकन सुटला. सुमनबाईंनी गुंडा बाहेर टाकला, गाडी निघाली आणि मालनबाई तो पोटाशी धरून तिथेच उभ्या राहिल्या. 'बायकोने सांगितले' हे कारण रेल्वेला चालण्यासारखं नव्हतं, म्हणून भगवानरावांनी 'खिडकीत कापड अडकले' असं लिहिलं. ते खोटंही नव्हतं.

ही बातमी मालनबाईंच्या आधी घरी पोचली होती. बायनाबाईंनी ती ऐकून घेतली आणि चकार शब्द काढला नाही. मालनबाईंना त्याचाच जास्त घोर लागला.

लग्नात रुखवत मांडलं. चारी कोपरे सपाट. नवऱ्या मुलाच्या मावशीनं एक कोपरा बोटांत धरला. "लय ग्वाड हाय हो. कोणाचा आणला?"

मालनबाई काही बोलायच्या आत बायनाबाई पुढे आल्या.

"आणला? माझ्या सुनंनं केलाय! ह्या कोपऱ्यापायी गाडी थांबवली तिनं. तुमच्या गंगाखेडात कोणी थांबवली का?"

मांडवात हशा पिकला. मालनबाई कोठीत गेल्या आणि धान्याच्या पोत्यांआड बसून पोटभर रडल्या.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड परत निघालं. सुला खिडकीत बसली होती, मांडीवर टेबलक्लॉथची घडी. बायनाबाईंनी गजातून हात घालून नातीचा हात धरला होता. शिट्टी झाली तरी त्यांनी तो सोडला नाही.

"मालन," त्या हळूच म्हणाल्या, "ती साखळी... कोणाला तरी वढायला सांग की."

"आत्याबाई, जाऊ द्या आता तिला. त्यांची झाली ती."

बायनाबाईंनी सुनेकडे बघितलं.

"आपलीच हाय ना?" त्यांनी विचारलं.

या वेळी तो प्रश्न गोधडीबद्दल होता, असं कोणी समजून घेतलं नाही.

"आपलीच हाय," मालनबाई म्हणाल्या आणि सासूच्या पाठीवर हात ठेवला. गाडीच्या शेवटी भगवानराव उभे होते. त्यांनी हे सगळं बघितलं, आणि हिरवी झेंडी उलगडायला त्यांना त्या दिवशी फार वेळ लागला.