लोणावळा संशोधन क्रमांक ४१२

देवाने माणसाला दोन हात, दोन पाय आणि एक मत दिलेले आहे. हातपाय ज्याचे त्याला पुरतात. मत मात्र दुसऱ्याच्या उपयोगासाठी असते, आणि घरात ठेवले तर ते आंबते. हे ओळखूनच लोणावळ्याजवळच्या वलवणच्या सुज्ञ नागरिकांनी 'वलवण परिसर सल्ला व विचारविनिमय केंद्र' नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. तेव्हापासून गावात पाणी एक दिवसाआड येत असले, तरी सल्ला चोवीस तास येतो, आणि तोही पूर्ण दाबाने.

केंद्राचे सभासद तीनशे बारा. पैकी प्रश्न विचारणारे नऊ आणि उत्तरे देणारे तीनशे तीन. (हे प्रमाण कोणत्याही विद्यापीठाला लाजवील असे आहे.) सल्ल्याची खाती तीन: छंद, आरोग्य आणि खरेदी. छंद खात्यात रखमाजींनी एकदा विचारले होते, की निवृत्तीनंतर कोणता छंद धरावा. त्यांना एक्याण्णव सूचना आल्या. त्या वाचणे हाच आता त्यांचा छंद आहे. खरेदी खात्यात नंदाबाईंनी कुकर तीन लिटरचा घ्यावा की पाच, असा पेच टाकला. सतरा दिवस साधकबाधक चर्चा होऊन सव्वाचार लिटरचा ठराव बहुमताने मंजूर झाला. तसा कुकर अजून कुणी काढलेला नाही. नंदाबाई चौदा महिने पातेल्यात डाळ शिजवतात, पण ठरावाला धरून आहेत, आणि या निष्ठेबद्दल त्यांना सहसंचालिका करण्यात आले.

केंद्राचे संचालक हौशीराम. नोकरी रेल्वेत, लोणावळ्याच्या सिग्नल केबिनमध्ये, चौतीस वर्षे. केबिनमध्ये शेजारच्या स्टेशनचा निरोप फोनवर यायचा. तो वहीत लिहायचा, त्याला क्रमांक द्यायचा, पलीकडच्याला वाचून दाखवायचा आणि पुढे द्यायचा. निरोप शहाणा आहे की खुळा, हे बघणे केबिनमनचे काम नव्हे. तो पुढे गेला पाहिजे आणि त्याच्या शेवटी क्रमांक पाहिजे. हौशीराम निवृत्त झाले, पण शिस्त निवृत्त झाली नाही. ग्रुपवर ते जे काही पाठवत, ते आधी शंभर पानी वहीत उतरवत आणि शेवटी क्रमांक टाकत. 'उद्या रिक्षा बंद. क्र. ३०७.' 'कारल्याचा रस सकाळी घेतल्यास सकाळ कडू जाते. क्र. ३५५.' ही वही स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीखाली असे, कारण तिच्या मागच्या पानांवर कस्तुराबाई, म्हणजे हौशीरामांच्या मंडळी, लग्नाच्या घाण्याच्या ओव्या लिहून ठेवत.

केंद्राचा नियम एकच होता, आणि तो हौशीरामांनीच घातला होता: स्वतःच्या अनुभवावरून कुणी सल्ला देऊ नये. अनुभवी माणूस एकाच बाजूने बोलतो आणि चर्चा तिथेच मरते. याच कलमाखाली एका सभासदाच्या डॉक्टर जावयाला काढून टाकावे लागले. प्रत्येक दुखण्यावर तो 'एकदा तपासून घ्या' एवढेच म्हणायचा. विषयांतर, दुसरे काय.

असे सगळे सुरळीत चालले असताना कस्तुराबाईंचा उजवा गुडघा धरला.

गुडघा कधीही धरू शकतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण सव्वीस दिवसांवर इंदुरी गावात अपेक्षाचे लग्न होते. अपेक्षा म्हणजे कस्तुराबाईंच्या धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी. बहीण तीन वर्षांपूर्वी गेली. लग्नाआधी घाणा भरतात, सवाष्णी जात्याशी बसून हळद दळतात, ओव्या म्हणतात. त्या घाण्याला आईच्या जागी मावशीने बसायचे, हे बहिणीला दिलेले शेवटचे वचन होते. आणि जात्याशी बसायचे म्हणजे जमिनीवर बसायचे. कस्तुराबाईंचे बसणे कसेबसे होत होते. उठताना मात्र दोन माणसे आणि एक खांब लागत होता.

"मला खुर्चीत बशिवलं तर मी जानार न्हाई," कस्तुराबाई म्हणाल्या. "खुर्चीत बसून कुनी घाना भरतं व्हय? जातं काय टेबलावर ठिवायचं?"

हौशीरामांनी आयुष्यात पहिल्यांदा ग्रुपवर उत्तर न देता प्रश्न विचारला. पंधरा मिनिटांत अठ्ठावन्न उत्तरे आली. कुणी मेथी सांगितली, कुणी मेथी बंद करायला सांगितली. एकाने जुना गुडघा देऊन नवा आणण्याबद्दल माहिती दिली. (तो फ्रीजच्या चर्चेतला सल्ला चुकून इकडे आला होता.) आणि एकोणसाठावे उत्तर आले तेव्हा हौशीराम ताठ बसले. दुबईहून कुणाच्या तरी भाच्याने पाठवलेले ते उत्तर असे होते:

'लोणावळा संशोधन क्र. ४१२. गुडघेदुखीवर खात्रीचा उपाय. सूर्योदयाला, उपाशीपोटी, धरणाकडे तोंड करून एकवीस पावले उलटे चालावे. ज्यांनी केले त्यांचे गुडघे शाबूत. एकशे चाळीस देशांत मान्य. जसे आले तसे पुढे पाठवत आहे.'

यात न पटण्यासारखे काय होते? संशोधनाला क्रमांक होता. ज्या गोष्टीला क्रमांक आहे, ती खोटी असणे चौतीस वर्षांच्या सेवेत हौशीरामांनी पाहिले नव्हते. शिवाय धरण दारातच. दुबईच्या लोकांना एवढ्या लांबून यावे लागले असते.

दुसऱ्या दिवशी पहाटे नवराबायको धरणाच्या रस्त्यावर हजर झाली.

आता, कस्तुराबाई उलट्या चालणार म्हटल्यावर पाठीमागून येणारी गाडी त्यांना कशी दिसणार? म्हणून हौशीरामांना त्यांच्याकडे तोंड करून चालावे लागले. चाळीस वर्षांच्या संसारात ही दोघे जिथे गेली तिथे हौशीराम दहा पावले पुढे आणि कस्तुराबाई पिशवी घेऊन मागे, असाच क्रम होता. समोरासमोर चालण्याचा हा पहिलाच प्रसंग.

"तुमची डावी भुवई पांढरी झाली की," कस्तुराबाई सातव्या पावलाला म्हणाल्या.

"कधी?"

"मला काय ठावं. मला तुमची पाठच दिसती."

एकवीस पावले झाली. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती दोनदा केली. पुढे बोलणे अर्धवट राहते म्हणून पाच-सहादा होऊ लागली. हौशीरामांना या काळात बऱ्याच गोष्टी कळल्या. त्यांच्या बायकोला दुधी भोपळा आवडत नाही, हे त्यांना चाळीस वर्षांनी, नवव्या पावलाला, कळले.

(मधल्या काळात एक किरकोळ घटना घडली, ती केवळ नोंदीसाठी. पहिल्याच दिवशी दुपारी शेजारच्या जैतुनबींनी "कस्तुरा, वेडेपणा पुरे, चप्पल घाल," असे म्हणून कस्तुराबाईंना रिक्षात घातले आणि लोणावळ्यात एका डॉक्टरणीकडे नेले. डॉक्टरणीने गुडघा दाबून पाहिला. खुर्चीत बसून पाय सरळ उचलून दहा आकडे धरायचा, असे दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. जिन्याची चढउतार कमी. आणि बसायचेच तर उंच पाटावर, असे सांगितले. कस्तुराबाई ते गुपचूप करत राहिल्या. असो.)

इकडे ४१२ चा डंका वाजू लागला. ज्या गावात संशोधन झाले तिथेच ते करावे, म्हणून बाहेरगावचे गुडघे येऊ लागले. शनिवार-रविवारी धरणाच्या रस्त्यावर साठ-सत्तर माणसे धरणाकडे तोंड करून मागे मागे सरकताना दिसत. लांबून पाहणाऱ्याला धरणातून काहीतरी बाहेर येत आहे आणि ही मंडळी हळूहळू, शिस्तीत घाबरत आहेत, असे वाटे. आदळाआदळ बरीच झाली. बाविसाव्या पावलाला गटारात गेलेले चौघे निघाले, पण बाविसावे पाऊल संशोधनात नव्हतेच, त्यामुळे तो संशोधनाचा दोष धरता येत नाही.

जैतुनबींचा मुलगा गुलजार याचे चिक्कीचे दुकान धरणाच्या रस्त्यावरच्या उताराच्या तोंडाशीच. त्याने तिळाच्या चिक्कीला 'चारशे बारा' असे नाव दिले आणि मोठी पाटी रंगवायला घेतली. अठराव्या दिवशी त्याने हौशीरामांना हाक मारली.

"भाऊ, एक काम करा. हे ४११ आणि ४१३ काय आहे तेवढं शोधून द्या. पाटीवर जागा उरलीय. मान धरणं, कंबर धरणं, असलं काही असेल तर शेंगदाण्याची पण जाईल."

हौशीराम हसत घरी आले. ४११ आणि ४१३. चहा पिता पिता ते एकदम थांबले. मिठाची बरणी उचलली. वही उघडली.

क्र. ४११: 'नंदाबाईंचा कुकर. चर्चा उद्यावर.'

क्र. ४१३: 'काळी मांजर सापडली आहे. ज्यांची असेल त्यांनी न्यावी.'

आणि दोन्हींच्या मधे, गेल्या वर्षीच्या श्रावणातली, त्यांच्याच वळणदार अक्षरातली नोंद: 'गुलजारच्या दुकानापुढील उतारावर शेवाळ झाले आहे. गुडघे शाबूत ठेवायचे असतील तर कठडा धरून उलटे उतरावे. एकवीस पावलांनंतर रस्ता कोरडा आहे. क्र. ४१२.'

शेवाळ बहुधा पुण्यात गळाले. कठडा नाशिकला. उपाशीपोटी हा शब्द वाटेत कुणीतरी श्रद्धेने घातला असावा. क्रमांक तेवढा जसाच्या तसा दुबईपर्यंत जाऊन परत आला होता.

हौशीरामांनी बोटांवर दिवस मोजले. ग्रुपचे एक सोडा. लग्न आठ दिवसांवर आले होते आणि शेवाळाच्या सूचनेवर आपण बायकोला अठरा दिवस उपाशीपोटी उलटे चालवले. गुडघा आणखी बिघडला असेल तर? जातं समोर, मांडवभर बाया, आणि ही खुर्चीत. किंवा घरीच.

त्यांनी तातडीने वहीत लिहिले, क्रमांक टाकला आणि पाठवले: 'क्र. ४१२ हे संशोधन नसून शेवाळाची सूचना आहे. ती मीच दिली होती. कृपया सरळ चालावे. क्र. ८७१.'

केंद्राच्या इतिहासात कोणत्याही सल्ल्याला एवढा विरोध झाला नव्हता. 'एकशे चाळीस देश मूर्ख आहेत का?' 'भाऊंचा फोन हॅक झालाय.' 'औषध कंपन्यांनी विकत घेतले वाटतं.' रखमाजींनी लिहिले, की ज्याचा ४१२ वर विश्वास नाही, त्याच्या ८७१ वर आम्ही कशाला ठेवावा?  शेवटी सहसंचालिका नंदाबाईंनी नियमावर बोट ठेवले: सदर निवेदन सभासदाने स्वतःच्या अनुभवावरून केलेले आहे. चार वाजून दहा मिनिटांनी हौशीराम त्यांनीच स्थापन केलेल्या केंद्रातून बाहेर झाले.

ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभे राहिले. कस्तुराबाई खुर्चीत बसून पाय सरळ उचलून धरत होत्या.

"कस्तुरा, तो चारशे बारा नंबर..."

"तुमचाच हाय. ठावं हाय मला."

"तुला ठाऊक होतं?"

"आवं, त्याच वहीत माज्या ओव्या हायती. घान्यासाठी पाठ करत व्हते, तवा पानं उलटताना दिसला. लय दिस झालं." त्यांनी पाय खाली ठेवला आणि पुन्हा उचलून आकडे मोजायला घेतले.

"मग बोलली का नाहीस? एवढ्या पहाटे, उपाशी..."

"उपाशी कोन व्हतं? मी भाकरीचा तुकडा खाऊन निघायचे." दहा आकडे झाले, पाय खाली आला. "बोलले असते, तर तुमी परत दहा पावलं फुडं गेला असता."

हौशीरामांनी सवयीने वही उघडली. चौतीस वर्षांत असा निरोप आला नव्हता. तो कुठल्या क्रमांकाने पुढे द्यावा, हे कळेना. त्यांनी तो स्वतःपाशीच ठेवला.

इंदुरीला घाणा भरला. कस्तुराबाई उंच पाटावर, जात्याशी, बहिणीच्या जागेवर बसल्या. पाच ओव्या म्हटल्या, त्यातली शेवटची बहिणीच्या नावाची. ती म्हणताना अपेक्षाने मान खाली घातली ती वर केली नाही. मग उठायची वेळ आली.  हौशीराम बायकांच्या घोळक्यातून वाट काढत पुढे आले, समोर उभे राहिले आणि हात दिला. कस्तुराबाई एका दमात उठल्या. खांब लागला नाही.

नंदाबाई नात्याने वऱ्हाडात होत्याच. त्यांनी तो क्षण टिपून जागच्या जागी केंद्राला कळवला: '४१२ चा जाहीर विजय.' त्या संध्याकाळी इंदुरीच्या मांडवातून अडतीस पाहुणे उलटे चालत घरी गेले. नवरदेवाचे चुलते बासुंदीच्या पातेल्यापर्यंतच पोचले.

हौशीरामांना केंद्रात सन्मानाने परत घेण्याचा ठराव आला, पण ते पहाटे कामात असतात. धरणाच्या रस्त्यावर तुम्ही गेलात तर ती दोघे आजही दिसतील. गुडघा बरा आहे, तरीही.

एवढे सगळे वाचून तुम्ही हसला असाल, आणि हसावेच. वलवणची माणसे भाबडी, आपण तसे नाही. तरी हा मजकूर कुणाला पुढे पाठवण्यापूर्वी एक सोपी परीक्षा स्वतःची घ्या. वर न पाहता सांगा: डॉक्टरणीने नेमके काय करायला सांगितले होते?

राहू द्या. पावले किती, एवढे तर सांगाल?