रवंथ करणारं तळं

गोंदियाकडून इतक्या लांब, इंदापूर तालुक्यातल्या कळसला आले तेव्हा मला आणि माझ्या लहानग्या सुमीला आसरा दिला तो ज्ञानोबाआबांनी, हे आधी सांगते. तळ्याचं मग. शाळा सातवीत सुटली, त्यामुळे लिहिताना माझं मागेपुढे होतं, पण एवढं तरी होऊ नये.

आबा रोज सकाळी शेततळ्याला वैरण घालत. माशांना नव्हे, तळ्याला. पाटीभर शेणखत काठावरून उधळायचे आणि उकिडवं बसून बघत राहायचे. पाण्यावर दुधाच्या सायीसारखा हिरवा थर. वारा पडला की त्यातून बुडबुडे येत, हळूच फुटत, आणि कुजका, दमट वास अंगाला चिकटून राही. बगळेसुद्धा तिथं उतरत नसत. मी माशांचं खाद्य टाकायला गेले की आबा ओठांवर बोट ठेवत.

"हळू, पोरी. रवंथ करतंय."

हसू यायचं, पण मागे वळून बघायचा धीर व्हायचा नाही. माशांवर माझं काम टिकून होतं आणि कामावर तळ्याकाठची खोली. मासे तर पांढरी पोटं वर करून तरंगायला लागले होते.

मग बारामतीच्या कॉलेजातली एक मुलगी तळं तपासायला आली. तिनं पाण्यावर एक पालथा डबा तरंगत सोडला, त्याला नळी लावली. आबांनी त्याचं नाव ठेवलं, मुस्कं.

"चावतंय व्हय ते, मुस्कं बांधायला?"

"नाही आबा, गॅस मोजतेय. हे हिरवं म्हणजे बारीक जिवाणू आहेत. ते मिथेन सोडतात. गुरांच्या ढेकरात असतो ना, तोच. त्यानं हवा तापते."

आबा माझ्याकडे वळले. "ऐक. ढेकर देतंय म्हणतीया."

"तुम्ही खत घालता म्हणून ते वाढतंय. खत बंद करा. आणि पाण्याला हात लावू नका, विषारी असू शकतं."

"ढेकर दिली म्हणून तुज्या घरी जेवाण बंद करत्यात व्हय गं?"

दुसऱ्या दिवशी आबांनी पाटी शिगोशीग भरून टाकली.

त्यांचा पुतण्या बापू वैतागला. "आबा, तळं उपसून टाकू. मासं मेलं, आता हितं कुणाला सांभाळायचं?"

ते 'कुणाला' मला लागलं. आबा मात्र हटले नाहीत. "जित्या जिवाला उपसत न्हाईत, बापू."

एका दुपारी सुमीचा चेंडू तळ्यात गेला. तिनं त्या सायीत कोपरापर्यंत हात घातला. दिवस कलेपर्यंत हातभर चट्टे उठले, उलट्या थांबेनात. बापूनं गाडी काढली. दवाखान्यात आबा बाकाच्या कडेला बसून होते. सुमीनं डोळे उघडून पाणी मागितलं तेव्हा उठले, तडक घरी गेले आणि स्वतःच्या हातानं मोटर चालू केली.

सुमीला घेऊन मी परतले तेव्हा पाणी पड रानात जात होतं. तळाचा चिखल उघडा पडला तरी आतून बुडबुडे येतच होते. सगळं शिवार गप्प, आणि तेवढाच आवाज.

"मेंढरं इकली तवापास्नं झोप न्हाय बघ," आबा माझ्याकडे न बघता म्हणाले. "कळपात निजलं की चारी बाजूंनी श्वास ऐकू यायचा. मग ह्या तळ्यात बुडबुडं यायला लागलं. म्हणलं, आलं कुणीतरी."

मी खोलीत जाऊन बोचकं बांधायला घेतलं. तळं नाही, मासे नाहीत, मला कशाला कोण ठेवून घेईल? आबा दारात येऊन उभे राहिले.

"कुठं निघाली?"

"बघते, कुठं काम मिळालं तर."

"काम काय, रानात बी हाय. माजी ओसरी मोकळी पडलीया." मग जरा घुटमळून म्हणाले, "पोरगी घोरती का?"

"थोडी घोरते."

"मग ऱ्हा."

तेव्हापासून आम्ही ओसरीवर आहोत. आबांना आता सकाळी हाका मारून उठवावं लागतं. चार दिवस बरे आले की मी त्यांना एक मेंढी आणून देणार आहे, गाभण बघून.