भरचौकी हत्ती उभा राहिला त्याची हकीकत

॥ श्री ॥

सोंडेने जो विघ्ने उचलितो आणि मोदकावाचून जागचा हालत नाही त्या गजाननास नमन, अंगणात फेर धरणाऱ्या बायकांचे मुखी जी वास करिते त्या शारदेस नमन, आणि ऐकणारांचे कान सुखी असोत. शके सोळाशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सरे, एका राज्यी वर्तमान वर्तले ते लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, कां की नाव लिहिले तर इतर राज्यांस वाटेल, ही गोष्ट आपली नव्हे.

त्या राज्यी सरकार मोठे प्रतापी, आणि त्यांचे मनात ऐसे भरले की रस्त्यात तिघे उभे राहिले म्हणजे आपलीच गोष्ट निघते. सबब हुकूम जाहाला, रस्त्यात तीन असामींनी एके ठायी उभे राहू नये. त्या साली पीक बुडाले, धान्य महागले, आणि रयत पुसू लागली की सरकारी कोठार कधी उघडणार. मग कारभाऱ्यांनी सटवाजी दवंडीवाल्यास बोलावून सांगितले की, "कोठार भरले आहे, चिंता करू नये, ऐसे गावभर सांग." आता सटवाजीचे घराण्याची रीत ऐशी की डोळ्यांनी पाहिल्यावाचून हलगीवर काठी पडत नसे. तो उठला, कोठारापाशी गेला, फटीतून डोकावला, आणि मग चौकात येऊन हलगी वाजवून बोलता जाहाला की, "ऐका हो ऐका! कोठार भरले आहे ऐसे सांगण्याचा हुकूम आहे! मी डोकावून आलो, तेथे उंदीर उपाशी बसले आहेत हो!" हलगीचा नाद विरला नाही तोच त्यास धरिले आणि वाड्यातील बंदीखान्यात घातले, आणि शिक्षा ठरली की हस्ताचा पाऊस उघडला, घाटवाट वाळली, की गडावर न्यावा. त्या गडावर गेलेला माणूस परतल्याचे कोणी ऐकले नव्हते.

दुसरे दिवशी तीनशे पुरुष चौकात मिळाले आणि "कोठार दाखवा, सटवाजी सोडा" ऐसा एकच गलबला केला. कोतवालांनी स्वार घातले, कोरडे चालविले, रायाजी साळ्याचा मागाचा हात मोडला, साठ असामी पागेत कोंडिले, आणि चौकात वहाणा एवढ्या पडल्या की संध्याकाळी बायका जोड लावीत बसल्या. एकीस डावी सापडे तर उजवी सापडेना. तेथेच सटवाजीची अस्तुरी कोंडाई, अंगाने काडी पण आवाजाने नगारा, नवऱ्याची हलगी मांडीवर घेऊन म्हणाली, "परवा हस्त लागतो, बायांनो. सोळा दिवस हादगा इथंच मांडू. सोळावी खिरापत माझी. फेर एक दिवस चुकला नाही तर धनी घरी येईल, असा मी नवस बोलले."

हादगा म्हणजे लेकीबाळींचा खेळ. मध्ये पाटावर हत्ती काढावा, भोवती फेर धरावा, पहिले दिवशी एक गाणे, दुसरे दिवशी दोन, ऐशी सोळा दिवसांत सोळा चढवावी, आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखावी. ओळखता न आली तर "हरलो" म्हणावे, त्यावाचून झाकण निघत नाही. त्या साली लेकीबाळींमागे सासवा आल्या, सासवांमागे आज्या आल्या, आणि फेर चौकात मावेना. कोतवाल धावत येऊन दरडावते जाहाले की, "तिघांनी उभे राहू नये हा हुकूम ठाऊक नाही?" तेव्हा फेरातून त्यांचीच मावशी, चिमाई, ओरडली, "उभं कोण आहे, बाब्या? फिरतोय आम्ही. तू मात्र मघापासून चौघांना घेऊन उभा आहेस. सरक, फेर तुटतो!" शिपाई मिशीत हसले, कोतवाल परतले, आणि बारा दिवस बारा गाण्यांपर्यंत हादगा चढला. खिरापत म्हणजे कधी चार फुटाणे, कधी भाजल्या चिंचोक्याचे तुकडे, पण ओळखणारणींचा उत्साह पंचपक्वान्नांचा.

तेराव्या दिवशी कोतवालांनी मसलत केली की, हत्तीवाचून हादगा नाही, तरी हत्तीच नाहीसा करावा. मग घरोघर झडती घेऊन पाट जप्त केले, भिंतीवरचे हत्ती चुन्याने पुसले, कुंभाराकडील मातीचे हत्ती फोडिले, आणि दवंडी पिटावी तर पिटणारा कैदेत, म्हणून शिपायांनीच दारोदार सांगितले की हत्ती काढील त्याचा हात तोडू. चौदाव्या दिवशी बायकांनी राखेने भुईवर हत्ती काढिला, तो घोड्यांनी तुडविला. पंधराव्या दिवशी कोंडाईने तळहातावर काढून हात वर धरिला, तेव्हा कोरडे पडले, चिमाईचे कपाळ फुटले, आणि तरी पंधरावे गाणे रडत, हुंदके देत, पुरे जाहाले. त्या दिवशी चिमाईने पदर कपाळास दाबून भाच्याकडे पाहिले मात्र, आणि कोतवालास जेवण गेले नाही.

सोळाव्या दिवशी सकाळी ऊन स्वच्छ पडले, घाटवाट वाळली, सटवाजीस नेण्यास गाडी जुंपली, आणि चौकात पाट नाही, राख नाही, चुना नाही, ऐशा बायका रित्या हातांनी मिळाल्या. कोंडाईपाशी काय ते झाकलेले पातेले आणि कारळ्याच्या पिवळ्या फुलांची माळ. तिचे मनी आले की, सोळावा दिवस चुकतो, धनी जातो. इतक्यात कोतवालांनी शेवटचा उपाय म्हणून सरकारचा पाटहत्ती गजराज गर्दी उधळण्यास सोडिला. वर माहूत पीरखान, खाली घंटांचा घणघणाट. बायका किंचाळून दोहीं बाजूंस फाटल्या, हत्ती मधोमध आला, आणि चिमाई पट्टी बांधल्या कपाळाने ओरडली, "अगं, पळता काय? बाब्यानं हत्ती धाडला! धरा फेर!"

आणि फेर मिटला. कोंडाई पुढे सरली, हळदकुंकू घेऊन थेट हत्तीच्या पायापाशी गेली, पायास बोटे लाविली आणि सोंडेत माळ घातली. माळ त्याने तात्काळ खाल्ली, त्यावर लहान पोरी हसल्या, आणि भ्याली ती गर्दी त्या हसण्याने भानावर आली. पीरखानाने अंकुश लाविला, हाका घातल्या, जनावर हालेना. वरून तो काकुळतीने बोलता जाहाला की, "आई, हे काय केलंत! दर दसऱ्याला याची पूजा होते. कुंकू लागलं की नैवेद्य मिळेपर्यंत उभं राहायचं, ही सवय मीच लावली याला. आता दिल्लीचा पातशहा आला तरी हा पाय उचलायचा नाही." कोंडाई म्हणाली, "मग बस बाबा निवांत. सोळा गाणी आहेत." आणि गाणे उचलले,

हस्ताचा हत्ती आला, आला भर चौकात,
कुणी नाही बोलाविला, आला आपल्या थाटात.
हत्तीदादा हत्तीदादा, सोंड खाली घाल,
बंदीखान्याच्या वाटेनं माझ्या दारी चाल.

हत्ती उभा होता तो नेमका वाड्याचे दरवाजासमोर, सबब गाडी बाहेर पडेना, पालखी आत जाईना, आणि सोळा गाण्यांचा गजर ऐकोन सरकार सज्ज्यात आले. लहानपणी दाईच्या कडेवर बसून त्यांनी हादगे पाहिले होते, आणि खिरापत ओळखण्याचा त्यांस फार नाद. कोंडाईने पातेले हालविले, आवाज नाही. बायका म्हणाल्या, "शिरा!" नव्हे. पीरखान वरून म्हणाला, "खीर?" नव्हे. मग सरकारांस राहवेना, सज्ज्यातून बोलिले की, "श्रीखंड!" चिमाई म्हणाली, "श्रीखंडाला चक्का, चक्क्याला दूध, दुधाला म्हैस, म्हशीला पेंड. पेंड आम्हीच खाल्ली, महाराज. पुढं ओळखा." सरकार हसले, आणि साय म्हणाले, लोणी म्हणाले, मऊ भात म्हणाले, आणि दहा नावे जाहाली, आणि कपाळी घाम आला. कोंडाई हात जोडून म्हणाली, "रीत आहे. हरलो म्हणावं लागतं." त्या राज्यी हा शब्द सरकारांचे मुखी कोणी ऐकला नव्हता. कारभाऱ्यांनी कानांवर हात ठेविले. सरकारांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणि पोरासारखे तोंड करून म्हणाले, "हरलो. सांग."

झाकण काढिले, पातेले रिते. कोंडाई म्हणाली, "कोठारात आहे तेच. धन्यानं पाहून सांगितलं, मी शिजवून आणलं." कोतवालांनी तलवारीस हात घातला, आणि पट्टी बांधलेले कपाळ समोर पाहून काढून घेतला. तितक्यात हत्तीने नैवेद्याचे आशेने सोंड पातेल्यात घातली, आत फिरविली, काही मिळेना, तेव्हा पातेले सोंडेत उचलले आणि सरळ सज्ज्याकडे धरिले. सरकारांनी रित्या पातेल्यात पाहिले, मग कारभाऱ्यांकडे पाहिले, आणि कोठाराच्या किल्ल्या मागविल्या. कारभारी म्हणाले, "किल्ल्या गहाळ आहेत." सरकार म्हणाले, "मग सटवाजी डोकावला ती फट दाखवा." स्वतः जाऊन डोकावले, आणि उंदीर पाहून परत आले.

मग मुदपाकखान्यातून परात भरून गूळ आणि डाळ आणिली की हत्ती हालावा. कोंडाईने परात पदराखाली धरिली आणि म्हणाली, "यजमान घरी नसता नैवेद्य दाखवत नाहीत." हत्ती हालेना, कोंडाई हालेना, ऊन माथ्यावर आले, शेवटी सरकारांनी हात हालविला, आणि बंदीखाना उघडून सटवाजीस व पागेतील साठ असामींस सोडिले. सटवाजी दाढी वाढलेला, डोळे मिचकावीत, हत्तीच्या पोटाखालून वाकून आला आणि म्हणाला, "काय गं, एवढी माणसं कशाला?" ती म्हणाली, "काही नाही. हादगा आहे. ही धरा तुमची हलगी." आणि तेव्हा कोठे तिजला रडू आले. नैवेद्य जाहाला, हत्तीने पाय उचलला, उरला गूळ चिमटीचिमटीने सर्वांस पोचला, शिपायांसही पोचला, आणि चिमाईने एक खडा भाच्याच्या तोंडी घालून म्हटले, "खा मेल्या, वाळलास."

सारांश, सरकारांनी पुढे अकरा वर्षे राज्य केले. मुदपाकखान्याचे धान्य त्या साली रयतेस वाटले, रायाजीचा हात वाकडाच राहिला, धाकटा लेक त्याचा माग चालवू लागला, आणि हुकूम सुटावयाचे ते सुटतच राहिले. परंतु सटवाजीस दवंडी सांगण्याआधी ती गोष्ट डोळ्यांनी दाखविण्याचा शिरस्ता पडला, आणि दप्तरी एक कलम चढले ते आजतागायत कोणी काढिले नाही, की हस्त नक्षत्री सरकारी हत्ती रस्त्यात आणू नये, बायका फेर धरितात.