निळेकर सरांचा दगाबाज वसंत

चैत्रात, औरंगपुऱ्यातल्या डांबराला चपला चिकटायला लागल्या की आमच्या निळेकर सरांना चुकूनही "काय उकडतंय हो!" असं म्हणू नये. ते खिडकीतून वर बघायचे, चेहरा पाडायचे आणि म्हणायचे, "दुपारनंतर बर्फ आहे."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला. ऊन लागलं असावं, असा माझा प्रामाणिक समज. मी गणिताचा मास्तर, अंदाजपंचे बोलणं मला खपत नाही. "कुठं आहे बर्फ?" मी विचारलं. "लडाखात. आणखी कुठं?" औरंगाबादेत उकडतंय ही जणू माझी खासगी अडचण होती.

निळेकर सर आमच्याच शाळेत भूगोल शिकवायचे. लग्न केलेलं नाही, पुढं-मागं कुणी नाही, माझ्या शेजारच्या खोलीत एकटे राहायचे. बर्फ त्यांनी पाहिला होता तो रसवंतीवाल्याच्या पोत्यातला. पण लडाखचा वसंत तोंडपाठ. "हिवाळा इमानदार असतो हो! उणे वीस म्हणजे उणे वीस. वसंत दगाबाज. सकाळी बनियनवर बसावं असं ऊन, दुपारी बर्फ, संध्याकाळी धुळीचं वादळ. आणि उन्हानं सैल झालेला बर्फ कड्यावरून कधी खाली येईल, भरवसा नाही." हे 'भरवसा नाही' दिवसातून इतक्यांदा व्हायचं की पोरांनी त्यांचं नाव भरवसे सर ठेवलं होतं.

या धास्तीला कारण होतं. पूर्वी त्यांच्या वर्गात बिडकीनचा शेषराव होता. त्यानं एकदा विचारलं, "सर, लडाखच्या वाळवंटात बर्फ कसा काय पडतो?" घंटा व्हायला आलेली. सर म्हणाले, "जाऊन बघ आणि मला कळव." गृहपाठ इतका मनावर घेतलेला विद्यार्थी मी दुसरा पाहिला नाही. शेषराव फौजेत ड्रायव्हर झाला आणि त्याची नेमणूक नेमकी लडाखला झाली, खिंडीतून मालाचे ट्रक नेण्याच्या कामावर. आईला लिहिलेल्या प्रत्येक पत्रात तो तिथली हवा इमानेइतबारे कळवायचा.

"त्याला मी पाठवलं," सर म्हणायचे.

"त्याला फौजेनं पाठवलं."

"फौजेला काय माहीत त्याचा प्रश्न काय होता ते!"

फाल्गुन संपला की सरांच्या जिवाला थारा नसायचा. छावणीच्या बाजारात कुणी फौजी दिसला की त्याला गाठायचे. "वरून आलात? आभाळ कसं होतं?" एक बिचारा जवान भाजी घेत होता. म्हणाला, "मास्टरजी, मैं तो नगर से आया हूँ." तर सर त्यालाच विचारतात, "मग तिकडं वरचं कुणी भेटलं होतं का?" रेडिओवर 'उत्तरेकडील पर्वतीय प्रदेशात' एवढे शब्द आले की त्यांचा चहा बशीत सांडलाच म्हणून समजा. आधी मी हसायचो. पुढं पुढं तो बशीतला चहा बघून मलाच बातम्या ऐकायची भीती वाटायला लागली.

शेषरावची आई, द्वारकाबाई, यांना वाचता येत नव्हतं. पत्र आलं की त्या बिडकीनहून एसटीनं थेट सरांकडं यायच्या. एका रविवारी मीही तिथं होतो. सर वाचत होते, "'हवा फार छान आहे. कोवळं ऊन पडलं आहे.'" बाई समाधानानं निघून गेल्या. पत्र टेबलावरच होतं, मी उचललं. त्यात लिहिलं होतं, 'काल दुपारी खिंडीत बर्फ कोसळला. पुढची गाडी डोळ्यांदेखत नाहीशी झाली.'

"सर, तुम्ही चक्क खोटं वाचलंत!"

"ती आई आहे, देशपांडे. तिला झोप लागायला पाहिजे."

"आणि तुम्हाला?"

त्यांनी माझ्या हातातून पत्र घेतलं आणि घडी घालून पाकिटात ठेवलं.

मग एका चैत्रात पाच आठवडे पत्रच आलं नाही. रेडिओनं सांगितलं, खिंड बंद झाली. रेडिओनं सांगितलं, गाड्या अडकल्या. कुणाच्या, ते सांगितलं नाही. सर वर्गात नकाशा टांगायचे आणि हिमालयाकडं पाठ करून उभे राहायचे. मी धीर द्यायला जायचो आणि तासभर रेडिओ ऐकून परत यायचो, कारण आता भरवसा मलाही वाटत नव्हता.

अशात एका सकाळी द्वारकाबाई आल्या. हातात पत्र होतं. सरांनी ते ओढूनच घेतलं, पत्त्यावर नजर टाकली आणि पांढरेफटक पडले. अक्षर शेषरावचं नव्हतं.

त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं. "चष्मा सापडत नाही," म्हणाले. चष्मा नाकावर होता.

मी आधी मनात वाचलं. शेषरावच्या मित्रानं लिहिलं होतं. गाडी तीन दिवस बर्फात अडकली, डाव्या हाताची दोन बोटं काळी पडली, ती कापावी लागली. 'दोन्ही हातांना पट्ट्या आहेत म्हणून हे पत्र मी लिहितो आहे.' बाकी तो बरा आहे, महिन्याभरात सुट्टीवर येईल. मी मान वर केली. समोर ती माउली पदर मुठीत धरून बसलेली. आयुष्यात पहिल्यांदाच मी मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं. "'हवा फार छान आहे,'" मी वाचलं, "'कोवळं ऊन पडलं आहे. मी मजेत आहे.'"

सरांनी डोळे मिटून घेतले.

द्वारकाबाई लगेच उठल्या. मी त्यांना रिक्षात बसवायला खाली आलो. जिन्याच्या पायथ्याशी त्या थांबल्या.

"गुरुजी, दोन बोटं गेली. जीव ऱ्हायला, लई झालं."

मी चाट पडलो. "तुम्हाला कसं कळलं?"

"गावात शेजारची सून वाचून दावती मला. दर येळंला. एवढे शिकलेले तुमी दोघं, पाकीट फोडलेलं असतंय ते दिसलं नाय व्हय कधी?"

"मग इतक्या लांब येता कशाला?"

"तिथं सून वाचती त्यात समदा बर्फच असतोय. मंग हितं येऊन जरा ऊन ऐकून जाते. अन् मास्तरास्नी तरी कोण हाय?" मग माझ्याकडं बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "पर तुमी आज काय येड्यावानी केलं! मास्तरांनी पत्र वाचलंच नाय. तुमी ऊन पडलं म्हनल्यावर ते काय समजले असतील? पळा आधी वर!"

जिना एका दमात चढलो. सर तसेच बसले होते, डोळे मिटून, हात मांडीवर उताणे टाकून.

"सर, जिवंत आहे! दोन बोटं गेली, बाकी बरा आहे. सुट्टीवर येतोय."

त्यांनी पत्र घेतलं, तीनदा वाचलं. मग भिंतीचा आधार घेत गॅलरीत गेले. द्वारकाबाई अजून खालीच उभ्या होत्या, वर बघत.

"मास्तर, कळलं ना समदं?" भर गल्लीत त्या ओरडल्या. "पोरगं यील तवा टेसनावर तुमी बी चला. घरची माणसं पायजेत ना!"

सर वरूनच होकाराची मान हलवत राहिले, आणि रिक्षा वळून दिसेनाशी झाली तरी हलवतच होते.